एकविसावा ग्राफ

श्रीनिवासचा फोन आला तेव्हा मी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. कारखाना विकला, तो म्हणाला. वरच्या खोलीत अप्पांचं कपाट अजून तसंच आहे, मंगळवारी भंगारवाला येईल, त्याआधी काय हवं ते घेऊन जा अक्का. मी हो म्हटलं, गॅस बंद केला की नाही ते आठवेना म्हणून जिन्यातून परत आले, बंदच होता, आणि स्कूटर काढून अक्कलकोट रोडला लागले. अठ्ठावन्न वर्षांची, नुकतीच निवृत्त झालेली गणिताची बाई, मागं कुणी लागल्यासारखी एमआयडीसीकडे निघाली होती. गल्लीतल्या दोघींनी थांबवून विचारलंच, कुणाला बरं नाहीये का म्हणून.

श्रीनिवास माझ्या बालमैत्रिणीचा, पद्माचा, धाकटा भाऊ. त्यांच्या वडिलांचा आठ यंत्रमागांचा चादरीचा कारखाना होता आणि माझे वडील, अप्पा, तिथं डिझाइनं काढायचे. सांगोल्याकडची शेरडं-मेंढरं भावांवर सोपवून अप्पा सोलापुरात आले ते हातात चित्र होतं म्हणून. त्या हातानं त्यांनी तीस वर्षं मोर, हत्ती आणि कमळं काढली. कुणाकुणाच्या अंथरुणावर ती असतील, कोण जाणे.

कारखान्यात आता माग नव्हते. ते जिथं उभे होते तिथं फरशीवर तेलानं मुरलेले आठ काळे चौकोन राहिले होते. या शेडमध्ये बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलायचं, ही लहानपणची सवय. मी श्रीनिवासशी ओरडून बोलायला लागले आणि माझाच आवाज भिंतीवरून परत आला तेव्हा दोघंही हसलो. वास मात्र जागेवर होता. मशीनचं तेल, सुताला लावायची खळ आणि कापसाचा तो कोरडा, नाकात गुदगुल्या करणारा वास. मी तीनदा शिंकले. पद्मा असती तर बोट वर करून चौथीची वाट बघत थांबली असती. मला ओळीनं चार शिंका येतात, हे तिच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं.

कपाटाचं दार गुडघ्यानं दाबून उघडायचं, हे गुडघ्याला अजून आठवत होतं. आत कापराचा वास होता. अप्पा झुरळांसाठी कोपऱ्यात कापूर ठेवायचे. पोस्टर कलरच्या बाटल्या दगड झालेल्या, ब्रशांचे केस गेलेले, आणि खालच्या खणात जुन्या चादरीत गुंडाळलेली एक लांबलचक सुरळी. मी ती जमिनीवर सोडली आणि माझ्या तोंडून नुसता ‘अगं बाई’ एवढाच शब्द आला. ते ग्राफ होते. कोरे.

ग्राफ म्हणजे चादरीची कुंडलीच म्हणा. मोठ्ठा कागद, त्यावर बारीक बारीक चौकोन. त्या चौकोनांना अप्पा ‘घर’ म्हणायचे. लाल रंगानं जे घर भरलं तिथं तांबडा धागा वर येणार, जे रिकामं ठेवलं तिथं पांढरा. मग कार्ड पंच करणारा माणूस हा ग्राफ ओळीओळीनं वाचायचा आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायचा. त्या पट्ट्या एकमेकींना ओवून मागावर चढवल्या की माग ती भोकं वाचत चादर विणायचा. अप्पांच्या मोराच्या पिसाऱ्यात किती घरं आहेत हे मी एकदा मोजलं होतं. पुढं आयुष्यभर गणित शिकवलं, ते तिथूनच आलं असणार.

डागाळलेले आणि वाळवीनं खाल्लेले बाजूला काढले. एकवीस उरले. पिवळट, कडेला जरा ठिसूळ, पण निळ्या रेघा अगदी स्वच्छ. मी फतकल मारून त्यांच्यासमोर बसले आणि बसल्या बसल्याच ते ठरलं. कसं ठरलं ते मला सांगता येणार नाही. एकवीस कागद, एकवीस माणसं. माझी माणसं. मोर नको, कमळ नको. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा भरेपर्यंत प्रत्येकाला समोर बसवून एकेका ग्राफवर त्याचा चेहरा भरायचा. मी स्वतःशीच पैज लावली आणि अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. चाळीस वर्षांत मी एकही चेहरा काढला नव्हता.

श्रीनिवासला सांगितलं तर तो हसला. मग म्हणाला, पद्मक्का भिवंडीहून येतीय गड्ड्याला, घराच्या कागदावर सही करायला. माझे हात सुरळी बांधता बांधता थांबले. एकविसावा ग्राफ कुणाचा, ते मला त्या क्षणी कळलं. ती माझ्यासमोर बसेल की नाही, ते मात्र कळायला मार्ग नव्हता. मी आयुष्यात एकदाच चेहरा काढला होता, तो पद्माचा. तो तिला लग्नात दिला, आणि त्या दिवसापासून आम्ही दोघी धड बोललेलो नव्हतो.

अप्पांच्या दोन रीती होत्या. नवा ग्राफ घेतला की डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातलं पहिलं घर हळदीच्या बोटानं भरायचं. आणि भरलेलं घर पुसायचं नाही. चुकलं तर चुकलं, पुढची घरं त्याच्याशी जुळवून घ्यायची. या दोन्ही रीती मी माझ्या पैजेला लावल्या. तिसरी त्यांची रीत मी मोडत होते. चादरीवर माणसाचं तोंड काढू नये, असं ते सांगायचे. त्यांनीच नाही, सगळा कारखाना तेच सांगायचा. चादर शेवटी पायाशी जाते. मोर पायाशी गेला तर चालतो, माणूस कसा चालेल? म्हणून आमच्या चादरींवर सगळं जंगल आहे, बाग आहे, देवळाचे कळसही आहेत, फक्त माणूस नाही.

पहिला ग्राफ घरातच. यांना खुर्चीत बसवलं. माझा काय काढतेस, आधी चहा टाक, म्हणाले. चहा झाला, पेपर झाला, आणि मी कपाळापर्यंत पोचते तोवर हे झोपले. आता भरलेलं घर पुसायचं नाही म्हटल्यावर मिटलेले डोळे मिटलेलेच राहिले. जागे झाल्यावर कागद बघून म्हणाले, हार तेवढा घालायचा राहिला. पुढं आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत होते. पण कागद भिंतीवर लावला तोही त्यांनीच, आणि सगळ्यांना दिसेल असा.

चौकोनांत माणूस मावत नाही असं मला वाटत होतं. नाक पायऱ्यापायऱ्यांनी उतरतं, कान जिन्यासारखे होतात. पण तिसऱ्या-चौथ्या चेहऱ्याला एक गंमत हाती लागली. ओठाच्या कोपऱ्याशी एक घर वर सरकवलं की माणूस हसतो, तेच खाली घेतलं की रुसतो. एक घर! तांदळाच्या दाण्याएवढं. मला इतका आनंद झाला की शेजारच्या वहिनींना दोन्ही कागद दाखवायला मी पिठाच्या हातानं पळाले. त्या आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई. त्यांनी शांतपणे चष्मा लावला, बघितलं, आणि मला कधी बसवतेस, एवढंच विचारलं.

घरं भरायला लागलं की हात आपला चालत राहतो आणि डोकं मोकळं सुटतं. माझं सुटायचं ते थेट अप्पांच्या टेबलाखाली. तिथं मी आणि पद्मा. उन्हाळ्याच्या सुट्टीत वरच्या खोलीच्या खिडकीला ओलं पोतं टांगलेलं असायचं, त्यातून येणारा वारा गारही असायचा आणि त्याला तागाचा वास असायचा. खाली आठ माग चाललेले, त्यामुळं टेबलाचे पाय थरथरायचे, आणि पाठ टेकून बसलं की ती थरथर दातांपर्यंत यायची. पंच केलेल्या पट्ट्यांतून पडलेले गोल गोल तुकडे आम्ही फ्रॉकच्या ओच्यात गोळा करायचो. बाहुलीच्या लग्नात त्याच अक्षता. पंच केलेली एखादी पट्टी उन्हात धरली की भिंतीवर उजेडाचे ठिपके पडायचे. हा मोराचा डोळा, ही चोच, असं पद्मा छातीठोक सांगायची. नुसत्या भोकांवरून तिला ते कसं कळायचं देव जाणे, पण मी विश्वास ठेवायची.

थंडीत कारखान्यामागच्या अंगणात पद्माची आई कांड्या भरत बसायची. तिला सगळे अम्मा म्हणायचे, मीही. चाक फिरतंय, सूत कांडीवर चढतंय, आणि समोरून जे पोर जाईल त्याच्या गालावरून अम्मा उलटा हात फिरवणार. बोलायची कमी. तेलुगू मला येत नव्हतं आणि मराठी तिला बेताचं, त्यामुळं आमचं सगळं बोलणं त्या हातानंच व्हायचं. सुतानं खरखरीत झालेली बोटं, खळीचा आंबूस वास. मग चिंचेचा भात, वर तळलेले शेंगदाणे. पद्माच्या गालावर हात जरा जास्त वेळ थांबायचा. डाव्या गालावर तिला तीळ होता, मुगाएवढा, आणि अम्मा तो जणू पुसला जातोय का बघायची.

दहावा ग्राफ घेऊन सांगोल्याला गेले. तिथं माझा धाकटा भाऊ बाळू डाळिंबाची बाग करतो आणि पाच-सहा शेरडं राखतो. येणार म्हणून कळवलं होतं, तर पठ्ठ्या दाढी करून, कडक टोपी घालून बसलेला. आणि हट्ट काय, तर मांडीवर पाटही पाहिजे, म्हणजे शेळीची पोर. पाटीनं दोनदा ग्राफ खायचा प्रयत्न केला, एका कोपऱ्यात तिचे दात आहेत अजून. दुपारभर बाळू असा ताठ बसला की मीच त्याला पाणी पी म्हणत होते. संध्याकाळी कागद त्याच्या हातात दिला.

“ताई, ह्यो मी न्हाय,” तो म्हणाला. “ह्यो आप्पा हाय की.”

मी कागद परत घेऊन बघितला. कपाळावरची ती आडवी घडी, कानाची लोंबती पाळी. मी बाळूच काढला होता, घर मोजून मोजून. अप्पांचा धड एक फोटो आमच्याकडे नाही, जो आहे त्यात ते मान खाली घालून ग्राफ भरतायत. आम्ही दोघं बहीणभाऊ डाळिंबाच्या बांधावर बसून खूप रडलो, आणि पाट तेवढ्यात माझी ओढणी चघळत होती. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून एकटीच हसत होते. असं काही हातून होईल हे मला माहीतच नव्हतं.

चौदावा ग्राफ बशीरचाचांचा. अप्पांचे ग्राफ वाचून पट्ट्या पंच करणारे ते बशीरचाचा. वय पंच्याऐंशीच्या पुढं, डोळे जवळजवळ गेलेले. नातसुनेनं पलंगावर उशी लावून बसवलं. मी कोण ते आवाजावरून ओळखलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, चार छिंकां आतीं क्या अब भी? म्हणजे हे पद्माशिवाय आणखी एकाला माहीत होतं तर. मी दोन सकाळी जाऊन त्यांचा चेहरा भरला. वाळलेला पोस्टर कलर कागदावर किंचित वर येतो, बोटाला लागतो. चाचांनी कागद मांडीवर घेतला, उजव्या हाताचं बोट खालच्या ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागले. एक लिया, दो छोड्या, तीन लिया. पंच करताना म्हणायचे तसंच, त्याच ठेक्यात. दाढीपासून सुरुवात करून ते आपल्याच हनुवटीपर्यंत आले, ओठांवर आले, आणि तिथं हसले. दाढी सफेद की लाल, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरं रिकामी सोडलीत, सफेद आहे. ते समाधानानं मान हलवत राहिले.

आणि मग त्यांच्यासमोरच मी तो विषय काढला. पद्माच्या लग्नाचा. कारण त्या गोष्टीत आम्ही दोघं भागीदार होतो.

तेव्हा मी अठरा वर्षांची होते. पद्माचं लग्न ठरलं, मुलगा भिवंडीचा. सगळे काहीबाही आहेर घेत होते, मला वाटलं आपण असं काही द्यावं की जे कुणी कधी दिलं नाही. अप्पांपासून लपवून मी एक ग्राफ घेतला आणि त्यावर पद्मा भरली. केस लाल घरांचे, चेहरा रिकाम्या घरांचा, डाव्या गालावर तिळाची तीन लाल घरं. चाचांनी पट्ट्या पंच करून दिल्या, बाबाकू नक्को बोल, एवढी अट घालून. अप्पा गावी गेले होते त्या दोन दिवसांत कोपऱ्यातल्या मागावर हातभर तुकडा विणून झाला. तांबड्या-पांढऱ्या सुताची माझी मैत्रीण मागावरून उतरताना मी बघितली, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी घडी उलगडून बघते तर काय, तीळ उजव्या गालावर.

चूक अशी होती की ती आमच्याच घरात होऊ शकते. मागावर चादर विणताना वर दिसते ती तिची उलटी बाजू. सुलटी बाजू खाली असते, त्यामुळं ग्राफमधलं डावं तिथं उजवीकडं जातं. अप्पांना हे माहीत होतं, पण ते मला दिसण्याचं कारणच नव्हतं, कारण त्यांचे मोर नेहमी जोडीनं, समोरासमोर तोंड करून उभे. डाव्याचा उजवा झाला तरी कुणाला कळणार! मी तुकडा उलटा करून बघितला. उलट्या बाजूला तीळ बरोबर डाव्या गालावर होता, पण सोलापुरी चादरीत उलटीकडे रंगांची अदलाबदल होते. तांबड्याचं पांढरं, पांढऱ्याचं तांबडं. त्या बाजूला पद्माचे केस पांढरेफेक झाले होते आणि तोंड काळपट तांबडं. पांढऱ्या केसांची एक म्हातारी माझ्याकडं बघत होती.

दुसरं काही आणायला वेळ नव्हता. सुलटी बाजू वर ठेवून, घडी घालून मी तो आहेर मांडवात नेला. अम्मानं घडी उलगडली. बघितलं, हसली. मग हातात धरून सहज उलटी केली, आणि तिचं हसू गेलं. नवरीला मी तिचं म्हातारपण आहेर केलं होतं, तेही भर मांडवात, चार पाहुण्यांसमोर. अम्मानं तुकड्याची घडी घातली आणि ती घेऊन आतल्या खोलीत गेली. पद्मा चौरंगावर बसून माझ्याकडं बघत होती. मी न जेवता घरी आले. नंतर तिनं पत्र लिहिलं नाही, मीही नाही. पुढं दोन-तीनदा भेटलो ते कुणाच्या तरी बाराव्या-तेराव्याला, आणि सोलापूरच्या उन्हाबद्दल बोललो.

मी चाचांना विचारलं, पंच करताना तुमच्या लक्षात कसं आलं नाही? ते आपल्या चेहऱ्याच्या कागदावरून बोट फिरवत होते.

“हम तो छेदां देखते बेटी,” ते म्हणाले, “सूरत नै देखते.”

एकोणीस झाले. विसावा मराठीच्या बाईंचा, त्यांनी बसल्या बसल्या माझ्या बोलण्यातल्या चुका काढल्या, म्हणून त्यांच्या ओठाचं घर मी एक खाली घेतलं. भिंतीवर आता वीस माणसं झाली होती आणि सकाळी उठून त्यांच्यासमोर चहा घेताना मला सभा भरवल्यासारखं वाटायचं. गड्ड्यावर पाळणे लागले. बाजारात हुरडा आला, तीळ-गुळाचे भाव विचारत बायका हिंडायला लागल्या. एकविसावा ग्राफ मी टेबलावर पसरून चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या होत्या. श्रीनिवासला तीनदा फोन झाला. पद्मा आली होती. मी तिला निरोप द्यायला सांगितला, आणि निरोपात काय सांगायचं ते सुचेना तेव्हा म्हटलं, फक्त ये म्हणावं.

भोगीच्या दिवशी दुपारी ती आली. मी बाजरीची भाकरी थापत होते. दारात उभी राहून तिनं चप्पल काढली, आणि मी बघतच राहिले. पद्माचे केस पूर्ण पांढरे झाले होते. एकही काळा नाही. सावळा चेहरा अजून सावळा झालेला, डाव्या गालावर तो तीळ. तिनं भिंतीवरची माणसं एकेक करून बघितली, बशीरचाचांपाशी थांबली, बाळूपाशी थांबली आणि अप्पांसारखा झालाय की हा, म्हणाली. मग वळून विचारलं, मी कुठं बसू?

इतकंच. बसशील का, हे विचारायला मी दोन महिने धीर गोळा करत होते.

ती खिडकीशी बसली. ऊन तिच्या पाठीमागून येत होतं, त्यानं केस पेटल्यासारखे पांढरे दिसत होते आणि चेहरा सावलीत होता. केसांची घरं रिकामी सोडायची, चेहऱ्याची भरायची, असं मी ठरवलं आणि गडबडीत लगेच ब्रश उचलला. बोलणं आधी तुटक चाललं. मुलं काय करतात, गुडघे कसे आहेत. मग टेबलाखालची बाहुली निघाली, ओलं पोतं निघालं, आणि केव्हातरी आम्ही दोघी एकमेकींचं वाक्य तोडून बोलायला लागलो. भाकरी थंड झाली. ब्रश असा धावत होता की मला घरं मोजावी लागत नव्हती. तिळापाशी आले तर कळलं, चेहरा सगळा भरलाय, म्हणजे तीळ रिकामा सोडायचा. तीन घरं मी पांढरी ठेवली.

शेवटी मीच म्हटलं. तुझ्या लग्नात मी फार वाईट काम केलं पद्मा, मला तेव्हा सांगायचं होतं, पण तोंडच वर झालं नाही. कापडी पिशवी ओढून घेऊन तिनं आतून एक घडी काढली. खळीचा वास आला आणि मी शिंकले. एक, दोन, तीन. पद्मा घडी हातात धरून, बोट वर करून थांबली. चौथी आली तशी तिनं ती घडी माझ्यासमोर टेबलावर उलगडली.

अम्मा गेल्या आषाढात गेली. तिच्या पेटीत हे सापडलं, पद्मा सांगत होती. श्रीनिवासची बायको म्हणते, मी भिवंडीला गेल्यापासून अम्मा रोज दिवाबत्तीच्या वेळी हे काढून मांडीवर घ्यायची. पायाशी कधी जाऊ दिलं नाही, कुणाला हातही लावू दिला नाही. मी खाली बघितलं. माझी अठरा वर्षांची मैत्रीण, तांबडे केस, पांढरा चेहरा, तीळ चुकलेल्या गालावर. आणि तो तिळाचा गाल झिजून पार विरला होता. सूत निघून जाळी झाली होती, पलीकडचं टेबल दिसत होतं. अम्मानं चाळीस वर्षं तिथं उलटा हात फिरवला होता.

मी नुसती त्या जाळीवर बोट ठेवून रडत होते.

“रडतीस कशाला? ही बाजू बघ की आधी,” पद्मा म्हणाली आणि तिनं तुकडा उलटा केला.

पांढरे केस. काळपट तांबडा चेहरा. डाव्या गालावर, विरलेल्या सुतात जेमतेम उरलेला, पांढरा तीळ. तिनं तो तुकडा उचलून माझ्या ओल्या ग्राफशेजारी धरला, आणि मी एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिले. दोन्हीकडं तीच बसली होती. केसांची घरं रिकामी, चेहऱ्याची भरलेली. दोन महिने लावून वीस चेहरे काढून मी जिथं पोचले होते ते मी अठराव्या वर्षी, चुकून, विणून ठेवलं होतं.

“तू तवाच काढून ठेवलं होतंस की,” पद्मा म्हणाली. “मलाच यायला उशीर झाला.”

मी डोळे पुसून हसायला लागले, तीही हसली. मग तिचं लक्ष ग्राफच्या डाव्या कोपऱ्याकडं गेलं. खालचं पहिलं घर रिकामं होतं. गडबडीत मी हळदीचं बोट लावायला विसरले होते. हळद कुठं ठेवतीस गं, असं विचारत ती उठली आणि माझ्या उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरात गेली.